भुसावळ-जळगावकडे मिळणारी जुनी हॉटेलची आणि रेल्वेची कपबशी: खरी कशी ओळखायची, साफ कशी करायची?

तापीकाठ

राम राम मंडळी. जुन्या हॉटेलांची, लॉजांची आणि रेल्वेच्या उपाहारगृहांची चिनी मातीची भांडी आपल्याकडे भंगारात फार निघतात. भुसावळ जंक्शन, जळगाव, अमळनेर, धुळे, सगळीकडेच. घेणारे वाढलेत, माहिती मात्र विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा काढतोय.

समोर असलेला लॉट असा: ६ क्वार्टर प्लेट, ४ कप, ५ बश्या. जाड, पांढऱ्या, काठाजवळ एक हिरवी रेघ. चार प्लेटांच्या बुडाला 'व्हिट्रिफाइड' आणि 'इंग्लंड' असा शिक्का आहे, एकीला काहीच नाही. सहाव्या प्लेटवर मधोमध 'जीआयपीआर' (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी अक्षरं आहेत, पण ती जरा जास्तच ताजी वाटतात. दोन कपांत चहाचा तपकिरी थर आहे आणि एका बशीच्या झिलईला (वरच्या काचेसारख्या थराला) बारीक भेगांची जाळी पडलीय.

प्रश्न तीन. जीआयपीआरची प्लेट खरी का? डाग काढायचे का, आणि कशाने? यात रोज खाल्लं-प्यायलं तर चालतं का?

कपाचा_कान

छान विषय. आधी एक सांगतो, शिक्का सगळ्यात शेवटी बघायचा. पहिल्यांदा बुडाचं कडं बघायचं, म्हणजे ज्या गोल कडेवर भांडं टेकतं ती जागा. तिथे बहुतेक वेळा झिलई नसते, आतली माती उघडी असते. भांडं एक दिवस कोरडं ठेवा आणि त्या उघड्या कड्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन मिनिटांत थेंब आत शोषला जाऊन जागा काळपट झाली तर ते साधं मातीकाम. थेंब तसाच बसून राहिला तर माती भट्टीत पूर्ण पक्की झालेली, म्हणजेच व्हिट्रिफाइड. हॉटेलसाठी चांगल्या कारखान्यांनी बनवलेला माल असाच असायचा, कारण दिवसातून पंधरा वेळा विसळायचं भांडं पाणी पिणारं असून चालत नाही.

घरी वजनकाटा असेल तर आणखी पक्कं कळतं. कोरड्या प्लेटचं वजन घ्या, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा. ४०० ग्रॅमची प्लेट २ ग्रॅमपर्यंतच वाढली तर व्हिट्रिफाइड. १५-२० ग्रॅम वाढली तर शिक्का काहीही म्हणो, ती व्हिट्रिफाइड नाही.

सातपुड्याची_वाट

अनुमोदन. आवाजानेही कळतं. प्लेट तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरायची आणि कडेला नखाने टिचकी मारायची. टण्ण करून आवाज लांबला तर माती पक्की आणि अंगाला तडा नाही. थद्द आवाज आला तर दोन शक्यता, कच्ची माती किंवा केसभर तडा. तडा शोधायला अंधारात प्लेटच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरून हळूहळू फिरवा. कपात तडा बरेचदा कानाच्या सांध्यापाशी सुरू होतो. पकडताना भार तिथेच येतो ना.

फैजपूरकर

उजेडाची चाचणी करताना जपून. प्लेटमागे बोट धरलं आणि सावली दिसली की लोक 'बोन चायना' म्हणून मोकळे होतात. हॉटेलचा व्हिट्रिफाइड माल पातळ जागी थोडा उजेड सोडतो, जाड जागी अजिबात नाही. त्यामुळे उजेड दिसला नाही म्हणून माल कच्चा ठरत नाही.

खानदेशी_मिरची

जीआयपीआरबद्दल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यामुळे ती अक्षरं असलेला खरा माल त्याआधीचा असायला हवा. भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव हा जीआयपीचा पट्टा. नंदुरबार-अमळनेरचा ताप्ती व्हॅलीचा रस्ता मात्र बीबी अँड सीआयकडे (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे) होता, तो त्याच दिवशी पश्चिम रेल्वेत गेला. तेव्हा नंदुरबारकडे बीबीसीआयची बशी मिळाली तर आश्चर्य नको. जळगावात दोन्ही मिळतात, कारण दोन्ही रस्ते तिथेच भेटतात.

आता तुमच्या प्लेटवरच्या 'ताज्या' अक्षरांकडे या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसं. चार गोष्टी बघा:

पहिली, अक्षरं झिलईच्या खाली आहेत की वर. डोळे मिटून नख फिरवा. वर असतील तर कडेला किंचित अडखळतं. जुन्या मालात बोधचिन्ह बहुतेक झिलईखाली असायचं, म्हणून तर शंभरदा घासूनही टिकलं.

दुसरी, अक्षरांभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड दिसते का. दिसली तर तो नव्या प्लेटवर चिकटवून भाजलेला छाप.

तिसरी, ओरखडे. खऱ्या वापरातले चमच्या-सुरीचे ओरखडे सगळ्या दिशांना असतात, मध्यभागी दाट आणि काठाकडे विरळ, आणि ते अक्षरांवरूनही जातात. घासपेपरने केलेले एकाच दिशेने जातात. ओरखडे अक्षरांपाशी येऊन थांबले आणि पलीकडे पुन्हा सुरू झाले तर समजा, प्लेट जुनी पण अक्षरं नवी.

चौथी, मळ. खरा मळ बुडाच्या कड्यात आणि कानाच्या सांध्यात बसतो. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर तो चहाच्या पाण्यात बुडवून आणलेला.

तापीकाठ

@खानदेशी_मिरची, पापुद्रा दिसतोय. अक्षरांच्या बाहेर अर्धा मिलिमीटर पिवळसर कड आहे, एका बाजूला स्पष्ट.

खानदेशी_मिरची

मग अक्षरं नंतर चढवलेली. प्लेट स्वतः मात्र जुनी असू शकते. साधी जुनी पांढरी प्लेट घेऊन तिच्यावर छाप मारतात, कारण रेल्वेचं नाव असलं की किंमत चढते. तिची थेंबाची चाचणी वेगळी करा.

वरणगावचा

बुडाला तीन बारीक टोचल्यासारखे ठिपके असले तर तो दोष नव्हे. झिलई चढवलेली प्लेट भट्टीत तीन टोकांच्या आधारावर ठेवतात, त्या टोकांच्या खुणा आहेत त्या. माझ्या मते प्लेटची सगळ्यात सुंदर खूण हीच! कुठल्या तरी भट्टीत ती प्लेट त्या तीन टोकांवर तोलून उभी होती, हे बोटाला लागतं.

अंजनी_पार

शिक्क्यांवर थोडं. 'इंग्लंड' हा शब्द सहसा १८९१ नंतरच्या मालावर येतो, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं. 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातलं. 'आरडी नंबर' असेल तर तो नक्षीच्या नोंदणीचा आकडा. ती मालिका १८८४ ला १ पासून सुरू झाली आणि १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या आसपास पोचली होती. पण लक्षात ठेवा, ही नोंदणीची तारीख आहे, भांड्याची नव्हे. एकच नक्षी तीस वर्षंही चालायची.

हॉटेलच्या इंग्लिश मालात बर्सलेमची डन बेनेट, टनस्टॉलची ग्रिंडली, आणि जॉन मॅडॉक ही नावं शिक्क्यात शोधा. अमेरिकन माल आपल्याकडे क्वचितच, पण नेटवरून घेणाऱ्यांसाठी: सिरॅक्यूज, बफेलो, शेनँगो, होमर लाफलिन. सिरॅक्यूजचा मूळ कारखाना म्हणजे १८७१ ची ओनोंडागा पॉटरी, आणि सिरॅक्यूज गावातलं उत्पादन २००९ ला बंद झालं. जुन्या शिक्क्यात 'ओ. पी. कंपनी' दिसलं तर ते हेच. १९३० च्या दशकात त्यांनी अरुंद काठाची 'इकॉनो-रिम' प्लेट आणली. काठ अरुंद म्हणून रेल्वेच्या डायनिंग कारच्या छोट्या टेबलावर जास्त प्लेटा मावायच्या.

भरीत_आणि_पुरी

इंग्लंड-अमेरिका ठीक आहे हो, पण देशी मालाला कमी लेखू नका. कलकत्त्याची बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, दिल्लीची हितकारी, आणि सौराष्ट्रात थान-मोरबी-वांकानेरकडची परशुराम पॉटरी. ही शेवटची तर गणपुले नावाच्या मराठी माणसाने उभी केलेली. तिकडचा माल रेल्वेने इकडे यायचा.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या गावातल्या हॉटेलाचं नाव छापलेल्या बश्या. रेल्वेच्या अक्षरांमागे सगळे धावतात आणि जळगाव-धुळ्याच्या बंद पडलेल्या हॉटेलांची नावं भंगारात फुटून जातात. त्या हॉटेलाचा दुसरा कुठलाच पुरावा उरलेला नसतो.

खानदेशी_मिरची

@भरीत_आणि_पुरी, मुद्दा पटतो, फक्त एक अडचण आहे. स्थानिक नावाच्या बशीचा काळ ठरवणं अवघड. रेल्वेचा निदान १९५१ चा खांब आहे.

अंजनी_पार

स्थानिक मालालाही खांब आहेत की. पत्ता वाचा. 'पू. खा.' किंवा 'पूर्व खानदेश' असेल तर १९०६ नंतरचं आणि साधारण १९६० पर्यंतचं. १९०६ ला खानदेश जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९६० च्या आसपास त्यांची नावं जळगाव-धुळे झाली. 'प. खा.' चं तसंच. 'नंदुरबार, जि. धुळे' असेल तर १ जुलै १९९८ च्या आधीचं, कारण त्या दिवशी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. छापणारे जुना पत्ता काही वर्षं तसाच ठेवतात, तेव्हा दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

भरीत_आणि_पुरी

वा! 'पू. खा.' चं डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

चोपड्याची_माय

अवांतर विचारते. वर तपकिरी आणि खाली पांढरी अशी लोणच्याची बरणी याच प्रकारात येते का?

कपाचा_कान

ताई, ते दगडी माती प्रकारातलं काम, इंग्रजीत स्टोनवेअर म्हणतात. तेही पक्कं भाजलेलं आणि पाणी न पिणारं, म्हणून तर मीठ, तेल, कैरी वर्षभर त्यात टिकते. फक्त झाकणाच्या बैठकीवर टवका उडालेला नको, तिथून हवा जाते. बरणी घेताना आत हात घालून बुडापर्यंत फिरवा, झिलई कुठे खरखरीत लागली तर लोणच्यासाठी घेऊ नका.

पारोळेकर

मूळ प्रश्न डागांचा आहे, त्यावर कुणी बोललंच नाही. आधी डाग कुठे आहे ते ठरवा, झिलईवर की झिलईखाली.

झिलई अखंड असेल तर चहाचा थर वरच असतो. खायच्या सोड्याचे तीन भाग, पाणी एक भाग, अशी पेस्ट करून मऊ कापडाने गोल गोल घासा. तारेची घासणी अजिबात नाही. रंगाची रेघ झिलईवर असेल तर तिथे सोडासुद्धा नको.

करडे, पेन्सिलीसारखे ओरखडे दिसतात ना, ते बरेचदा ओरखडे नसतातच, चमच्याचा धातू झिलईला लागलेला असतो. क्रीम ऑफ टार्टरची (केक-बिस्किटात घालतात त्या आंबट पुडीची) ओली पेस्ट दहा मिनिटं ठेवून घासली की निघतो.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार असेल तर पाव लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूफूल घालायचं, पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. सोनेरी काठाच्या भांड्याला हे करू नका.

जाळी पडलेल्या बशीतला तपकिरीपणा म्हणजे झिलईच्या भेगांमधून मातीत उतरलेला डाग. तिथे घासून उपयोग नाही. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ ते ६ टक्क्यांचं, कापसाच्या थरात भिजवून डागावर पसरा, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा म्हणजे सुकत नाही. दोन दिवसांनी कापूस बदला. आठवडा-दोन आठवडे लागतात. हातमोजे घाला. शेवटी चार-पाच दिवस स्वच्छ पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या.

सातपुड्याची_वाट

यात मोठ्या अक्षरांत लिहायला हवं: कपडे पांढरे करायचं क्लोरिनचं ब्लीच वापरू नका. एका तासात डाग जातो, म्हणून लोकांना मोह होतो. पण ते भेगांतून मातीत शिरतं, वाळताना आत क्षाराचे स्फटिक होतात आणि ते फुगून झिलईला आतून ढकलतात. काही महिन्यांनी झिलईचे पापुद्रे सुटतात, हात लावला की भुगा. त्यावर इलाज नाही.

चोपड्याची_माय

आणि शेवभाजीचा पिवळा डाग?

पारोळेकर

हळदीचा रंग उन्हाने उडतो. धुऊन दोन-तीन दिवस कोवळ्या उन्हात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर मात्र नको, तापलेल्या फरशीवरून उचलून गार पाण्यात घातलं की तडा गेलाच म्हणून समजा. चहाच्या डागाला ऊन काही करत नाही.

वरणगावचा

मी थोडा वेगळा विचार मांडतो. चहाचा थर सरसकट काढू नये. हॉटेलच्या कपाला वापराची खूण असते, तीच त्याची ओळख. संग्रहात ठेवायचा असेल तर धुवा आणि राहू द्या.

पारोळेकर

थर झिलईवर असेल तर तुमचं मान्य. जाळीतल्या डागाचं मान्य नाही. तिथे चहाबरोबर दूध आणि तूपही उतरलेलं असतं, ओल धरते, वास येतो. पावसाळ्यात जाळी पडलेल्या बशीचा वास घेऊन बघा. तशी बशी साफ करून दर्शनी ठेवा, खाण्यात नको.

अंजनी_पार

खाण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. जुन्या झिलईत आणि विशेषतः झिलईवरच्या रंगांत शिसं असू शकतं. आंबटाने ते सुटतं. तेव्हा आतल्या बाजूने रंगीत असलेल्या जुन्या भांड्यात चिंच, लिंबू, दही, ताक, कैरी, टोमॅटो नको आणि साठवण तर कशाचीच नको. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये नको. आतून साधी पांढरी, झिलई अखंड, जाळी नाही, टवका नाही, तरच अधूनमधून चहाला घ्या. लहान मुलांना आणि गरोदर बाईला नाही म्हणजे नाही. घरगुती तपासणीची पट्टी लाल झाली तर शिसं आहे हे खरं, पण लाल झाली नाही म्हणजे नाहीच असं धरू नका.

फैजपूरकर

दुरुस्तीबद्दल. एपॉक्सीने चिकटवलेला कान उन्हाळ्यात पिवळा पडतो, पत्र्याच्या खोलीत तर नरमही होतो. असा कप चहा ओतून वापरायचा नाही, गरम चहासकट कान हातात येतो. विकत घेताना जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च जवळ ठेवा, बरेच गोंद आणि नंतर मारलेला रंग त्यात वेगळा चमकतो. जुन्या काळी तुटलेली प्लेट धातूच्या टाक्यांनी शिवायचे, मागे ओळीने पितळी टाके दिसतात. ते टाके काढू नका, खेचताना भोकापासून नवा तडा जातो.

ठेवताना दोन प्लेटांमध्ये फलालीन किंवा कोरा कागद. छापील वर्तमानपत्राची शाई उघड्या मातीत उतरते. आठ-दहाच्या वर रास नको. कप कानाने टांगू नका. आणि रावेर-यावलकडून माल आणणाऱ्यांनी केळीच्या ओल्या पानात बांधून आणू नये, त्याचा डाग काही केल्या जात नाही. कोरडा भाताचा पेंढा उत्तम.

कपाचा_कान

बशीबद्दल एक राहिलं. कपबशीची जोडी खरी का, हे नक्षीवरून ठरवू नका, हिरवी रेघ पन्नास कारखान्यांची आहे. बशीच्या मधल्या खळग्याचा व्यास मोजा आणि कपाच्या बुडाचा मोजा. खळगा २ ते ३ मिलिमीटर मोठा हवा. कप हलवला की खडखडला तर बशी दुसऱ्याची. रेघेची जाडी आणि काठापासूनचं अंतरही मोजा. आणि हॉटेलचा काठ बोटाने चाचपा, तो बाहेरून गोल गुंडाळल्यासारखा जाड लागतो. टवका उडू नये म्हणून मुद्दाम तसा करायचे.

भरीत_आणि_पुरी

खरं शे भाऊ. त्यात आपल्याकडे बशीत ओतून चहा प्यायचा, म्हणून खोल बशीला मागणी. उथळ बशी हॉटेलात टिकायचीच नाही.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, निकाल असे:

'इंग्लंड'वाल्या चारही प्लेटांनी थेंब शोषला नाही. ३९० ग्रॅमची प्लेट २४ तासांनी ३९१ भरली. बिनशिक्क्याची ३७० वरून ३८८ झाली, म्हणजे साधी माती. जीआयपीआरची प्लेट ३८५ वरून ३८६, म्हणजे माल पक्का आणि अक्षरं मागाहूनची. तिच्यावर तशी चिठ्ठी लावून ठेवतोय, पुढे कुणी फसू नये म्हणून.

कपांतला थर सोड्याने निघाला. जाळीच्या बशीला पेरॉक्साइडचा दुसरा कापूस लावलाय, कड फिकट होतेय.

जोड्या मोजल्या. तीन कपांची बुडं ५० मिमी, चार बश्यांचे खळगे ५२, बसतात. चौथ्या कपाचं बुड ५५ आहे आणि पाचव्या बशीचा खळगा ६१, खडखडतो. ५७-५८ खळग्याची, हिरव्या रेघेची बशी कुणाकडे सुटी आहे का? रेघ काठापासून ४ मिमी, जाडी दीड मिमी.

पारोळेकर

धुळ्यात एकाकडे सुट्या बश्यांची रास आहे. रविवारी पट्टी घेऊन जातो, मोजून इथेच लिहितो. पाचवी बशी फेकू नका, ६१ च्या खळग्यात बसेल असा कप तिथेच निघेल.